सडक्या अंड्याचा वास

काल एक अंडं सडकं निघालं. बायकोनं नाक दाबलं. मला मात्र विद्यापीठातली रसायनशास्त्राची लॅब आठवली, आणि सुधाकर.

वाळूजच्या कंपनीत आम्ही दोघं एकाच हुद्द्यावर. प्रमोशनसाठी एम.एस्सी.ला नाव घातलेलं. विद्यापीठाच्या नामांतरावरून तेव्हा मराठवाडा पेटलेला होता. लॅबमध्ये सगळ्यांना दिलेला एकच क्षार ओळखायचं प्रॅक्टिकल चाललं होतं आणि त्यासाठी सोडलेल्या वायूचा हाच वास भरला होता. नाकाला रुमाल लावून सुधाकर म्हणाला, "नाव बदलायच्या आत डिग्री हातात पडाय पाह्यजे. नंतर त्या कागदाला कोण विचारणार? तुमचं बरंय, तुम्हाला चालंल."

एरवी तो मला अरेतुरे करायचा. हे 'तुमचं' आदरानं आलेलं नव्हतं. त्या वेळी ते मला दिवसभर जाळत राहिलं. आता वाटतं, एवढ्याशा माणसासाठी मी उगाच जळलो.

कारण लगेच तो माझ्या परीक्षानळीवर वाकला होता. "माझा साका लई काळा आलाय लेका. तुझं काय निघालं, शिसं का तांबं?"

"शिसं," मी म्हणालो.

त्यानं ते वहीत उतरवून घेतलं. आमचं उत्तर त्याला चाललं.