शिजवलेली वाकळ

लढाईच्या सालांत पलटणीतल्या हजार गड्यांची कापडं म्या धुतली, आन् आमच्या रहिमतपूरच्या अंगाला तसा धुणारा दुसरा झाला न्हाई. धुतली म्हंजे, धुवायची दुसरीच माणसं. म्या आपला भट्टीखाली लाकडं सारायचो.

पर गावाला ह्ये कुठनं कळणार? रजेवर आलो की खाकी सदरा चढवायचा, पारावर बसायचं आन् सांगायचं, "गड्यांनो, लढाई बंदुकीनं जिकत न्हाईत, निर्मळ कापडांनी जिकत्यात." म्हातारी माणसं माना हलवायची. मला वाटायचं पटतंय. पेंगत असायची.

त्या वैशाखात असाच रजेवर आलो तवा आमच्या मालकिणीचं दिवस भरल्यालं. पयलं बाळंतपण म्हायेरी करायची रीत, पर तिची आई वारल्याली. तिकडं कवठे महांकाळाला निस्ता बाप आन् भाऊ. त्यांस्नी म्हशीचं बाळंतपण जमायचं, माणसाचं न्हाई. म्हणून आमच्याच घरी करायचं ठरलं. म्हायेरनं तिनं एकच वस्तू आणल्याली, आईच्या हातची वाकळ. त्या माउलीनं सोताची जुनी लुगडी फाडून शिवल्याली. मधी लग्नातल्या हिरव्या लुगड्याचा चौकोन व्हता.

कळा लागल्या तवा माझी आई म्हणाली, "आगं, खाली पोतं घे. वाकळ खराब हुईल."

"हुंदे," ही म्हणाली. "आईच्या मांडीवर हाय असं तरी वाटंल."

दिस कासराभर वर आला आन् आतनं ट्यँहा ऐकू आला. सुईण म्हातारी दारात आली. "लेक झाली रं. बापावाणी तोंड उघडूनच आलीया."

म्या अशी उडी मारली की बाजूची भरली घागर लवंडली. सगळं अंगण भिजलं, धोतर भिजलं, आन् म्या हसत हुबा. तीच लेक आज ह्ये समदं लिवून घेतीया, आन् म्हणती, "आबा, जरा हळू सांगा." तिला काय ठावं, त्या दिवशी तिच्यापरीस जास्त म्याच वरडलो.

मग आवराआवर. पयल्यांदा वार पुरायची. पोराच्या मागनं पडती ती वार न्हाणीपाशी खड्डा काढून पुरत्यात, कुत्र्यानं उकरू नये एवढी खोल. म्या म्हटलं, पलटणीतला माणूस हाय, खंदक कसा असतोय बघा! खणता खणता छातीएवढं गेलो.

आई आली, वाकून बघितलं. "आरं मुडद्या, वार पुरायची हाय, बैल न्हाई!"

वर यायला बघतो तर येता यीना. माती ढासळून पुन्ना खाली. शेवटाला सुईण म्हातारीनं दोन्ही हात धरून मला भाईर ओढलं आन् कपाळाचा घाम पुसला. "आज दोन भाईर काढली," ती म्हणाली. "पयली सोपी गेली."

त्यातला निम्मा खड्डा परत बुजवला, मग वार पुरली. आईनं खोली शेणानं सारवून घेतली, लिंबाचा पाला जाळून धुरी दिली. चिंध्याचांध्या गावाच्या कडंला न्हेऊन जाळल्या. ऱ्हायली वाकळ. ती पाटीत घालून सुईणीनं माझ्या हातात दिली. आतनं मालकिणीचा आवाज आला, बारीक, दमल्याला. "आवं, एवढी वाकळ निर्मळ येऊ द्या. बारशाला पोरीला तिच्यावरच घालायची. आजीची तेवढीच भेट तिला."

"तू निवांत पड," म्या म्हटलं. "हजार गड्यांची..."

"व्हय, ठावं हाय," ती म्हणाली.

सुईण म्हातारीनं सांगितलं, "गार पाण्यात राख घालून भिजू दे. दोन पाणी बदल. मग चोळ."

"मावशी, गार पाण्यानं मळ जातोय व्हय? आमच्या पलटणीत समदं कडत पाण्यात..."

"तुमच्या पलटणीत किती बाळंत झाल्यात रं?"

उत्तर नसलं की म्या लाकडं सारतो. हिच्या अंघुळीचा हंडा चुलवणावर व्हताच. त्यात पाणी वतलं, सोडा टाकला, वाकळ कोंबली, आन् असा जाळ केला की गुऱ्हाळ सुरू झालं वाटावं. काठीनं ढवळतोय, लेकीला गाणं म्हणतोय. पाणी चहावाणी झालं. म्या खूश! म्हटलं, समदं उतरलं.

वाकळ काठीवर घेऊन उलगडली. बाकी कशी धुतल्या तांदळावाणी. आन् मधी, हिरव्या चौकोनावर, भाकरीएवढा डाग. घातली तवा लाल व्हता, आता करपल्यावाणी तपकिरी. चोळला, दगडावर आपटला, लिंबू पिळलं, रिठं घासलं. हाताची सालं गेली, डाग हाय तितंच.

आईनं बघितलं आन् कपाळावर हात मारला. "रगात कडत पाण्यात बसतं रं, ह्ये शेंबड्या पोरीला ठावं असतंय! वाकळ शिजवलीस व्हय? आता भाकरीसंगं कोरड्यास म्हणून वाढ."

सदऱ्याची बटणं लावून पारावर बसणारा म्या, त्या दिवशी वाकळ घेऊन परड्यातल्या काट्यांच्या कुपामागं दडलो. मालकीण रोज इचारायची, "वाळली का?" म्या रोज म्हणायचो, "जरा दमट हाय." चौथ्या दिवशी ती म्हणाली, "वैशाखात? आवं, हितं तांब्यातलं पाणी आटतंय." पाचवी पुजली, सातवा दिस गेला, वाकळ आपली दमटच. रात्रंदिस एकच घोर: बारशाला हिच्या म्होरं काय अंथरू?

नवव्या दिवशी शेकायला आलेल्या सुईणीनं समदं सांगून टाकलं. मालकिणीनं मला उंबऱ्यापाशी बोलावलं. वाकळ मांडीवर घेतली. हिरव्या चौकोनावरनं हात फिरवत बसली. एक शिवी घातली असती तर बरं वाटलं असतं.

मग तिनं मान वर केली. "त्यो खाकी सदरा काढा."

"सदरा? आगं, पारावर काय घालू?"

"पारावर जाऊ नका. पाठीकडचा तुकडा काढून डागावर लावा. खाली आईचं लुगडं हाय तसं ऱ्हाऊ द्या."

"तू शिव की."

"बाळंतिणीनं सुई धरू न्हाई, डोळं जात्यात," आई म्हणाली. "आन् शिजवली कुणी?"

तीन दिस उंबऱ्यावर बसून म्या ठिगळ शिवलं. ही आतनं सांगायची, "दोरा लांब घेऊ नका. टाका बारीक. आवं, ह्यो टाका हाय का कुपाटीचा खुटा?" पयल्या दिवशी तर म्या ठिगळाबरूबर सोताचं धोतरबी शिवलं. उठलो तर वाकळ संगं आली. ती इतकी हसली की पोट धरून बसली, आन् आईनं मलाच झापलं, बाळंतिणीला हसवू नगंस म्हणून.

बारशाला गल्लीतल्या बाया जमल्या. पाळण्यात वाकळ अंथरली, मधी खाकी चौकोन. एकीनं इचारलं, "आवं, ह्यो तुकडा कसला?"

मला ऱ्हावतंय व्हय? दारातनं पुढं झालो, छाती काढली. "पलटणीतलं कापड हाय ते, वैनी. पावसापाण्याला, गोळीला दाद देत न्हाई. हजार गड्यांची कापडं..."

तवर मालकिणीनं लेकीला पाळण्यात ठेवलं. लेकीनं एकदा माझ्याकडं बघितलं आन् बरूबर खाकी चौकोनावर धार सोडली.

मालकिणीनं पोरीला उचललं, वाकळ गोळा करून माझ्या हातात दिली.

"घ्या," ती म्हणाली. "गार पाण्यात धुवा. आन् तोंड मिटून."