मोठ्या दिवसाचं जेवण

मोठ्या बाईंनी मला जेवायला बोलावलं आणि मी घाबरूनच गेले. हसू नका. तुम्हाला लोक बोलावतात, तुम्ही जाता, नाही वाटलं तर डोकं दुखतं म्हणून सांगता. मला कित्येक वर्षांत कोणी गोडाच्या ताटावर बोलावलंच नव्हतं. बोलावलं की काय करायचं असतं, तेच मी विसरून गेले होते.

विशी गाठायच्या आत माझं कुंकू पुसलं. ताप काय आला, मेंदूत काय गेला, आठ दिवसात नवरा गेला. त्यानंतर मी सासरीच राहिले, अनसिंगजवळच्या एका लहानशा गावात. घरात सासू, तिला आम्ही आत्याबाई म्हणायचो, तीही बिनकुंकवाची. शिवाय भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ, त्यांची बायको आणि लेकरं. गावात लग्न असलं, बारसं असलं की सगळे नटूनथटून जायचे आणि मी घर राखायची. मयत झाली, तेरवी असली की मात्र मला सगळ्यांच्या पुढे काढायचे. रडायच्या जागी माझा मान मोठा! हसायच्या जागी माझी सावलीही चालत नव्हती.

अनसिंगच्या टोकाला तेव्हा मिशनचा एक छोटा दवाखाना होता. नवरा आजारी असताना मी तिथेच त्याच्या उशाशी बसून होते. तिथल्या मोठ्या बाई नगरकडच्या, अंगानं आडव्या आणि बोलण्यात सरळ. माझं पाणी उकळणं, धुणं, पुसणं त्यांनी पाहून ठेवलं होतं. पुढे काही वर्षांनी त्यांनी निरोप धाडला, कामाला येतेस का? घरात आठवडाभर चर्चा झाली. शेवटी भासरे ओट्यावर बसून आत्याबाईंना म्हणाले, म्हणजे मला ऐकू जाईल असं म्हणाले, "दवाखाना म्हंजे दुखन्याभान्याची जागा. तिथं बिनकुंकवाच्या बाईनं काम केलं तं कोनी नाव ठेवनार नाई. पन त्याइच्या सनावाराले उभं राह्यचं नाई. तसं कानावर आलं तं दुसऱ्या दिशीपासून काम बंद."

भासरे वाईट नव्हते. लोकांना भिणारे होते. अशा माणसाशी भांडताही येत नाही, मेलं.

त्या कामानं मला काय दिलं, ते सांगते. पहिल्याच महिन्यात एक बाई बाळंत झाली आणि मोठ्या बाईंनी ते ओलं लेकरू सरळ माझ्या हातात टाकलं, "धर गं, न्हाऊ घाल." गावात लेकराच्या बारशाला मला कोणी उंबऱ्यात येऊ देत नव्हतं, आणि इथे जगातला पहिला हात त्याला माझा लागला. मी त्याला न्हाऊ घातलं आणि मोरीत बसून पोटभर रडले. ते काम गेलं असतं तर मी घर राखत राखत म्हातारी झाले असते. एवढी साधी गोष्ट होती.

तर डिसेंबरात, कंपाउंडर रंगीत कागदाच्या पताका चिकटवत होता तेव्हा, मोठ्या बाई म्हणाल्या, "मोठ्या दिवसाला कामावरच्या सगळ्यांचं जेवण आहे. तूपण यायचंस."

"मी, बाई?"

"का? तू कामावर नाहीस?"

"सनाच्या जेवनाले मी कशी येऊ?"

बाईंनी माझ्याकडे नीट पाहिलं. "नाही वाटलं तर नको येऊ. जबरदस्ती नाही. पण तुझं पान मांडलेलं असेल."

झालं! नुसतं 'ये' म्हटलं असतं तर मी नाही म्हणून मोकळी झाले असते. आता ते मांडलेलं रिकामं पान माझ्या डोळ्यापुढून हलेना. घरी जाताना वाटभर मी स्वतःशीच कडाकडा भांडले. जावं तर काम जाईल. न जावं तर बाईंचं मन मोडेल. आणि खोटं कशाला बोलू, मला जायचंही होतं. लय जायचं होतं.

नाताळाला आमच्याकडे कोणी मोठा दिवस म्हणायचं, कोणी बडा दिन. आणि तेरवीच्या जेवणालाही आम्ही नुसतं 'दिवस'च म्हणायचो. अमक्याच्या घरी दिवस आहे म्हटलं की समजायचं. लग्नाला एक वेळ गेलं नाही तरी चालायचं, पण दिवसाच्या जेवणाला नाही म्हणायची आमच्या घरात कोणाची छाती नव्हती. पुढचा सगळा घोटाळा याच्यामुळे झाला.

संध्याकाळी आत्याबाई चुलीपुढे भाकरी थापत होत्या. मी जवळ बसून हळूच म्हटलं, "आत्याबाई, दवाखान्यात मोठा दिवस हाय. मले जेवाले बलावलं."

त्यांचा हात थांबला. माझ्याकडे पाहिलं, आणि एकदम अंगणात जाईल असा गळा काढला, "अवं माय! दिवस हाय? कोन गेलं वं?"

"नाई नाई, तसं नाई..."

भासरे बैल बांधून राहिले होते, ते दाव्यासकट दारात आले. "काय झालं?"

"दवाखान्यात दिवस हाय म्हंते. मोठा दिवस. त्याइच्यातला कोनी लय मोठा मानूस असंल. हिले जेवाले बलावलं."

"मंग जा म्हना," भासरे म्हणाले. "दिवसाले नाई म्हनता येते का? शिधाही देजो हिच्यासंगं. रिकाम्या हातानं धाडू नको." आणि बैलांकडे निघून गेले.

ज्याच्या जन्माचा सण, त्याची आमच्या घरात तेरवी होऊन बसली!

आता मी काय करायला पाहिजे होतं? सांगायला पाहिजे होतं. मी प्रयत्न केला हो. दुसऱ्या दिवशी आत्याबाई तूर पाखडत होत्या तेव्हा गेले. "आत्याबाई, तो दिवस तसा नाई..." तर म्हणे, "सुपाच्या आवाजात काई आयकू येत नाई." विहिरीवर गेले, तर त्यांना नेमकी तेव्हाच शेजारणीशी बोलायची घाई. रात्रीच्या जेवणाला तोंड उघडलं, तर "जेवताना मयतीच्या गोष्टी करू नाई" म्हणून मलाच गप्प केलं. म्हातारीचे कान गेले, असं म्हणून मी हात टेकले.

मोठ्या दिवसाला भासरे कापसाच्या गाड्या घेऊन कारंज्याला निघून गेले होते. आत्याबाईंनी फडक्यात शिधा बांधला, ज्वारी आणि तुरीची डाळ, तेरवीला देतात तसा. मी तो डोक्यावर घेतला आणि निघाले.

दवाखान्याच्या फाटकापर्यंत पाय बरे चालले. तिथे आले तर आतून पेटीचा आवाज, लेकरांचं हसणं, कोणीतरी ढोलकी बडवून राहिलं होतं. माझे पाय मातीत रुतले. लोकांचं भ्याव ते एक, पण मला त्या वेळी स्वतःचंच भ्याव वाटलं. इतकी वर्षं सगळ्यांनी म्हटलं की तुझी सावली पडली की शुभाचं अशुभ होतं, आणि मेलं ते माझ्या हाडात मुरलं होतं. या लोकांनी मला लेकरं हातात दिली. त्यांच्या वर्षाच्या सणाला माझ्यामुळे काही झालं तर? मी मागे वळले. खरंच वळले.

"अगं, कुठं चाललीस?" मोठ्या बाई पायरी उतरून फाटकाशी आल्या. आज पांढऱ्या साडीऐवजी हिरवी होती अंगावर. "आणि डोक्यावर काय ते?"

"शिधा," मी म्हटलं. घाबरल्यावर तोंडातून खरं तेच निघतं. "दिवसाचा."

"कसल्या दिवसाचा?"

मग मला सगळं सांगावंच लागलं. बाईंनी गाठोड्याकडे पाहिलं. मग त्यांचं पोट हलायला लागलं. मग त्या फाटकाला धरून अशा हसल्या की डोळ्यांतून पाणी! "अगं बाई, जन्मलाय तो! आज जन्मलाय!" आणि त्या हसताहेत म्हटल्यावर मलाही फुटलं. मोठ्यानं हसले मी, पदर तोंडाला न लावता. त्यांनी माझ्या डोक्यावरून गाठोडं उतरवलं. "बरं झालं आणलंस. डाळ कमीच पडत होती." आणि माझा दंड धरून मला आत नेलं.

व्हरांड्यात पत्रावळींची पंगत होती. कंपाउंडरची बायको आणि म्हातारी आया यांच्या मध्ये एक पान रिकामं. माझं. वरण, भात, करंजी आणि अकोल्याहून डब्यात आणलेला केक. केक मला काही आवडला नाही, पण सगळा खाल्ला. मग बाई ताट घेऊन फिरल्या. प्रत्येकाला एक संत्रं आणि बायकांना शेवंतीचं एकेक फूल. सगळ्यांनी पटापट डोक्यात माळली. माझ्यापाशी ताट आलं, मी संत्रं घेतलं आणि हात मागे ओढला. बाई फूल माझ्या पत्रावळीशेजारी ठेवून पुढे गेल्या. उठताना मी ते कमरेला खोचलं, पदराखाली.

घरी आले तर आत्याबाई अंगणातच उभ्या. शेजारणीला ऐकू जाईल असं ओरडल्या, "थांब! दिवसाहून आली, पाय धू आंधी." माझ्या पायावर त्यांनी तांब्याभर पाणी ओतलं, मला घरात नेलं, दार लोटलं आणि हळूच विचारलं, "काय काय होतं वं जेवाले?"

"आत्याबाई," मी म्हटलं, "आता तरी आयका. तो दिवस नव्हता. सन होता."

"मले का शिकवतं?" त्या फिसकन् हसल्या. "माहेर कोनतं माह्यं? कारंजा. माहा बाप कापसाच्या जिनाच्या गोऱ्या सायबाच्या बंगल्यावर माळी होता. दर बड्या दिवसाले फुलाइची डाली घेऊन जाये, अन् मी त्याच्यामांगं. मले का मालूम नाई बडा दिन कायचा असते?"

सुपाचा आवाज, विहिरीवरची शेजारीण, सगळं एकदम लक्षात आलं. काय म्हातारी होती हो!

"मंग तुमाले भेटे का जेवाले?" मी विचारलं.

"आमाले कोन बलावते? फाटकाबाहीर उभं राहून पाहो."

मी संत्रं त्यांच्या हातात दिलं. ते देताना कमरेचं फूल खाली पडलं. त्यांनी ते उचललं, हुंगलं. "हे तुले देल्लं?"

"देल्लं. मी घातलं नाई."

"काहून नाई घातलं?" त्या चिडल्याच. "तिथं कोन पाहून राह्यलं होतं? तुह्यं वय काय अन् तुहे केस काय!" मग संत्रं सोलायला घेतलं, माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "पुढच्या टायमाले घालजो. घरी याच्या आंधी काढजो. अन् घरात काय सांगाचं, ते माह्याकडं लागलं."

भासरे कारंज्याहून आले, पाणी पिता पिता विचारलं, "झाला का दिवस चांगला?"

"लय चांगला झाला," आत्याबाई म्हणाल्या. "लय मानसं होती."

पुढल्या डिसेंबरात मी काही बोलायच्या आधी त्यांनीच भासऱ्यांना सांगून टाकलं, "दवाखान्यात त्या मोठ्या मानसाचं वर्षसराध हाय. यंदा मलेबी बलावलं." भासरे म्हणाले, "जा मंग. नाई कसं म्हनता?" शिधा यंदा दोघींचा बांधला. मोठ्या बाईंना मी आधीच सांगून ठेवलं होतं.

फाटकापाशी आल्यावर आत्याबाई थांबल्या. एवढी पक्की बाई, पण तिथे थांबल्या, बाहेरच, फाटकाच्या गजाला धरून. आतून पेटी वाजत होती. मी त्यांचा हात गजावरून सोडवला आणि म्हटलं, "चला आत्याबाई. तुमचं पान मांडलं हाय."