तुमच्या नावाले

पवनीच्या मासोळी बाजारात वैनगंगाबाईला नावानं हाक मारणारं कोणी उरलेलं नाही. गिऱ्हाइकांची ती मावशी, शेजारी टोपली मांडणाऱ्या आनंदाबाईसाठी ती 'लिलाधरची माय', आणि तिची सून रीना तर तिचं नाव उच्चारतच नाही. सुनेनं सासूचं नाव तोंडावाटे काढू नये, हा धडा रीनाला तिच्या आईनं बपेऱ्याहून सासरी पाठवतानाच दिला होता. इथवर वेगळं काही नाही. पंचाईत अशी, की सासूचं नाव तेच नदीचं, आणि नदी घराच्या मागच्या दाराशी.

नाव ठेवलं होतं आजीनं. पैलतीरावरचा बाजार करून डोंग्यातून परत येताना आईला कळा आल्या, आणि काठ लागण्याआधीच पोर झाली. "जिनं झेलली तिचंच नाव," आजी म्हणाली. लहानपणी वैनगंगाला त्याचा भारी तोरा. ढिवरांच्या मोहल्ल्यातल्या पोरी पोहायला उतरल्या की ही काठावर हात कमरेवर ठेवून उभी राही : "माह्या नदीत उतराची परवानगी कोनं देली तुमाले?" शाळा दुसरीच्या पुढे गेली नाही. शिकलेलं बाकी सारं विसरलं, पण आपलं नाव ती अजून ओळखते. पाटी कुठलीही असो, त्यातलं 'वैनगंगा' तेवढं तिला वाचता येतं.

लग्न झालं इतवारीशी. जाळं फेकणारा, गमत्या माणूस. "एक वैनगंगा दिवसभर ओढते अन् दुसरी रातभर बोलते," असं तो चारचौघांत सांगे आणि बायकोकडे बघून डोळा बारीक करी.

एका भादव्यात पुराच्या पाण्यात त्याचा डोंगा उलटला. तो सापडला पार खाली, बाभळीच्या झुडपात अडकलेला. बसायला आलेल्या बायका डोळे पुसत म्हणाल्या, "वैनगंगानं खाल्ला बाई मानूस." त्या नदीबद्दलच बोलत होत्या. पण त्यांतली एक म्हातारी ते बोलताना नदीकडे नाही, हिच्याकडे बघत होती. ते बघणं वैनगंगाबाईच्या अंगात काट्यासारखं मोडून राहिलं. तेव्हापासून आपलं नाव ऐकलं की तिला दचकायला होई. लिलाधरला तिनं डोंग्यात पाय ठेवू दिला नाही. ती स्वतः तलावाच्या मासोळ्या विकत घेऊन बाजारात बसली, आणि पोराला गाडी चालवायला शिकवून भंडाऱ्याला धाडला. नदीपासून जितका दूर तितका बरा.

घरात ते नाव बंद झालं. पण नदीशिवाय घर चालेना. पाणी चढलं, उतरलं, कपडे धुवायला जायचं, हे सांगायचं कसं? तोड काढली नवी नवरी रीनानं. "आई, तुमच्या नावाले पानी चढून राहिलं." "आई, धुनं घेऊन तुमच्या नावाकडे जातो." लिलाधरला हसू आवरेना. "माय, आज तुयं नाव लय गढूळ दिसते वं!" वैनगंगाबाईही पदराआड हसली. पुढे तो शब्द घरात इतका रुळला की कोणाला त्यात वावगं वाटेनासं झालं. लिलाधर आणि रीना भंडाऱ्याला खोली घेऊन राहू लागले, तेव्हा तो शब्दही रीनाबरोबर गेला.

यंदा दिवाळी सरता सरता लिलाधरला ताप आला. डेंग्यू निघाला. भंडाऱ्याच्या सरकारी दवाखान्यात त्याला भरती केलं. वैनगंगाबाई निघाली होती, पण त्यानंच फोनवर अडवलं. "तू येऊन काय करशीन माय? इथचे डास तुले बी खातीन. रीना हाये ना." रोज सकाळी फोन यायचा. ताप उतरला, थोडं खाल्लं, आज बसला.

मग एका सकाळी फोन आलाच नाही. आला तो दुपारी, टोपलीत शेवटच्या चार बारीक मासोळ्या उरल्या असताना. रीना रडत होती.

"आई, त्यायले सरकारीतून काढलं."

"काढलं म्हनजे? काहून वं?"

"पेशी खाली गेल्या म्हने... आई, त्यायले तुमच्या नावाले नेलं."

वैनगंगाबाईच्या हातातला फोन कानाला तसाच राहिला.

"तुमी या आई. लवकर या. मले काही सुचून नाई राहिलं." मागून कोणीतरी रीनाला हाक मारली आणि फोन बंद झाला.

या मुलखात माणूस मेला की त्याला 'वैनगंगाले नेला' म्हणतात. दुसरं काही सांगावं लागत नाही. इतवारीलाही तसाच नेला होता.

आनंदाबाईनं तिचा चेहरा पाहिला. "काय झालं वं?"

"लिलाधरले नेलं."

"कुठं नेलं?"

वैनगंगाबाईनं नदीच्या दिशेला हात केला. आनंदाबाईनं तोंडावर पदर धरला. मग भानावर येऊन म्हणाली, "अवं, परत लाव ना फोन. नीट इचार."

"नोको."

"नोको कायले?"

"इचारलं त सांगन ते."

आनंदाबाईनं टोपली आपल्याकडे ओढली आणि हिला हाताला धरून भंडाऱ्याच्या गाडीत बसवून दिलं.

खिडकीबाहेर कापणीला आलेले धान पिवळे पडले होते. बायका बांधावर शिदोऱ्या सोडून बसल्या होत्या. वैनगंगाबाईला ते दिसत होतं आणि दिसत नव्हतं. आग कोणी दिली असेल? रीनाच्या भावानं? मायला बोलवायला थांबले का नाहीत? पोराचं तोंडही पाहू दिलं नाही. तिला राग आला, आणि राग आला म्हणून बरं वाटलं, कारण तेवढा वेळ भीती मागे सरली. मग गाडी एका वस्तीजवळ हळू झाली आणि समोरच्या दुकानावर तिला आपलं नाव दिसलं. खताचं दुकान होतं ते. पुढे एका शाळेच्या भिंतीवर तेच. मग सोसायटीच्या गोदामावर, मग लग्नाच्या हॉलवर, झालर लावलेल्या कमानीत, हातभर मोठ्या अक्षरांत. बाकीच्या पाट्या तिच्यासाठी मुक्या होत्या, ही एकच अक्षरं बोलत होती. जिकडे बघावं तिकडे म्हातारीचं ते बघणं. नवरा खाल्ला. आता पोरगा. तिनं डोळे मिटून घेतले. मिटल्या डोळ्यांपुढे पाणी होतं.

भंडाऱ्याच्या स्टँडवर रिक्षावाला पुढे आला. "कुठं जाचं मावशी?"

"वैनगंगाले." पुष्कळ वर्षांनी तो शब्द तिच्या तोंडून बाहेर पडला.

"नगरात का लॉनवर?"

"घाटावर."

भाडं न सांगताच रिक्षावाल्यानं गाडी सुरू केली. घाटाच्या उतारावर रिक्षा थांबली तेव्हा खाली धूर दिसत होता. वैनगंगाबाई उतरली, पण पाय पुढे पडेना. रिक्षाचा दांडा तिनं घट्ट धरून ठेवला. धुराजवळ बरीच माणसं होती, सगळी पाठमोरी. एकाचे खांदे तिला रीनाच्या भावासारखे वाटले. एक पोरगी खाली बसून रडत होती. तिला वाटलं, ती रीनाच.

"दादा," ती रिक्षावाल्याला म्हणाली, "तू पाहून ये. मले जावत नाई."

तो गेला. कोणाशी तरी बोलला. तो परत येईपर्यंत वैनगंगाबाईनं धुराकडेही पाहिलं नाही आणि पाण्याकडेही नाही. ती आपल्या चपलेकडे बघत राहिली. चपलेवर एक खवला चिकटला होता.

"म्हातारी बाई हाये ते, मावशी. कोन्या कृष्णरावची माय. तुमचं कोन?"

"पोरगा. लिलाधर. डेंगू झाला होता."

"जवान मानूस आज इथं कोनीच नाई आनला म्हनते."

"मंग पान्यात..." काय म्हणायचं होतं ते तिचं तिलाही कळलं नाही.

रिक्षावाला चाळिशीचा, पान खाणारा माणूस होता. तो बाजूला थुंकला आणि तिच्यासमोर उकिडवा बसला. "मावशी, फोन कोनाचा आला होता?"

"सुनेचा."

"काय म्हनली ते? तिचेच बोल सांगा. तुमचे नोको."

"सरकारीतून काढलं अन् तुमच्या नावाले नेलं म्हनली."

"तुमच्या नावाले? तुमचं नाव काय हाये?"

वैनगंगाबाईनं त्याच्याकडे पाहिलं. "वैनगंगा."

त्यानं कपाळावर हात मारून घेतला. "अवं मावशी! सरकारीतून काढून वैनगंगाले नेते ते दवाखान्यात! खाजगी दवाखाना हाये ना वैनगंगा, मोठा, काचाचा! बसा, बसा लवकर."

ती बसली. पण विश्वास ठेवायची तिची छाती होईना. आशा धरली आणि ती हातून निसटली तर काय होतं, हे तिला इतवारीच्या वेळी कळलं होतं. तेव्हाही कोणीतरी धावत येऊन सांगितलं होतं, सापडला, सापडला. रस्ताभर ती पुटपुटत होती, "खोटं नोको सांगू गा दादा. खोटं नोको सांगू."

काचेच्या दारावर पुन्हा तीच अक्षरं होती. आत लांब ओसरीसारख्या जागेत रीना बाकड्यावर बसली होती, केस विस्कटलेले. सासूला बघून ती उठली. "आई, लवकर आल्या तुमी."

"हाये का तो?"

"कोन?"

"लिलाधर, लिलाधर! हाये का?"

रीना घाबरून गेली. "हाये ना आई. रक्त चढून राहिलं. डॉक्टर म्हनते अजून भरवसा नाई देता येत, पन सकाळपेक्षा बरा हाये. तुमी अशा काहून करून राहिल्या?"

वैनगंगाबाई खालीच बसली. फरशी गार होती. तिनं दोन्ही तळवे फरशीवर टेकले, आणि मग तिला रडू फुटलं, बाजारात फुटलं नव्हतं तेवढं सगळं. रीना तिच्याजवळ बसली, पण काय झालं ते तिला उमगेना. सांगितल्यावर तिचा चेहरा पांढरा पडला.

"म्या तसं नोतं म्हनलं आई... तुमचं नाव कसं घेऊ मी?"

तेवढ्यात तिचा फोन वाजला. बपेऱ्याहून तिची आई होती. रीना उठून बोलू लागली, "हो माय, जागा देली त्यायनं. नाई, सरकारीत नाई आता. आता त्यायले..." ती अडली. सासूकडे बघू लागली.

"घे," वैनगंगाबाई म्हणाली. "आधी दवाखाना म्हन. अन् मंग घे नाव."

रीनानं पदर डोक्यावरून पुढे ओढला. "दवाखान्यात, माय," ती म्हणाली. मग अगदी बारीक आवाजात, ओठ न हलवल्यासारखं : "वैनगंगा दवाखान्यात."

वैनगंगाबाई भिंतीला धरून उठली आणि काचेच्या दाराशी गेली. आत लिलाधर डोळे मिटून पडला होता. पांढऱ्या चादरीखाली त्याची छाती हळूहळू वर येत होती, खाली जात होती. दर वेळी खाली गेली की पुन्हा वर येईपर्यंत ती श्वास धरून उभी राही.