मावळायच्या आत

माझ्या आत्याचं इस्त्रीचं दुकान ऊन उतरायला लागलं की बंद व्हायचं. गिऱ्हाईक कपडे घेऊन दारात उभं असलं तरी ती शटर ओढायची. सूर्य मावळायच्या आत राग सोडावा असं बायबलमध्ये आहे, आणि आत्याच्या मते सूर्य म्हणजे सूर्य. दिवसभरात ज्याच्याशी वाजलं असेल, त्याच्या दारात ती उजेड असतानाच हजर. गल्लीने तिचं नाव ‘मावळती’ ठेवलं होतं.

आणि वाजायचं तर रोज, कारण बाई फटकळ. एकदा कॉलर करपली म्हणणाऱ्या एका कारकुनाला तिने दुकानातून हाकललं. संध्याकाळी त्याच्या घरी गेली, तर तो आंघोळीला गेलेला. ही बाथरूमच्या दाराबाहेरून म्हणाली, “भाऊ, माझं चुकलं. आतूनच हो म्हणा, ऊन चाललंय.” त्याने हो म्हटलं. बिचारा दुसरं काय करणार! ढगाळ दिवशी सूर्य कधी जातो ते कळत नाही, म्हणून ती समेट दुपारीच उरकायची.

सगळ्यात जास्त वाजायचं ते माझ्या बाबांशी, तिच्या धाकट्या भावाशी. बाबा शाळेत भूगोल शिकवायचे आणि पाळकसाहेब बाहेरगावी गेले की चर्चमध्ये उपदेश करायचे. शास्त्राचा अर्थ घ्यावा, अक्षर धरून बसू नये, असं त्यांचं म्हणणं.

“ताई, सूर्य मावळत नाही, पृथ्वी फिरते.”

“मग ती फिरायच्या आत चहा टाक. मिटलं भांडण.”

ती गेली की बाबा कुरकुरायचे, “माफी मागते, पण मला काय लागलं ते एकदा तरी विचारते का? सगळं लक्ष खिडकीकडे!” त्यात तथ्य होतं. पण मला बाबांचाही राग यायचा. हा माणूस कधी आपण होऊन तिच्या दारात गेला नाही. अर्थ घरात बसून घेता येतो, त्याला चपला लागत नाहीत.

त्या रविवारी उपदेशाला बाबाच उभे होते. विषय बायबलमधल्या योनाचा, जो देवापासून पळतो, त्याला मासा गिळतो आणि तो तीन दिवस माशाच्या पोटात राहतो. बाबा म्हणाले, मासा खरा होता की नाही याला महत्त्व नाही. पळणाऱ्या माणसाला देव गाठतो, याला आहे. पुढच्या बाकावरून आत्या मोठ्याने म्हणाली, “मासा नव्हता, तर मग तो तीन दिवस होता कुठे?”

लोक हसले. बाबांचे कान लाल झाले. “काही जणांचा पश्चात्ताप गजराच्या घड्याळासारखा असतो,” ते म्हणाले. “ऊन कललं की वाजतो. आत काही नाही, नुसती किल्ली.”

आता अख्खं चर्च हसलं. तो कारकून तर सगळ्यात मोठ्याने. आत्याने पिशवी उचलली. जाता जाता माझ्याशी एवढंच बोलली, “बाबांना सांग, आजपासून मीही अर्थच घेते.”

“बरं झालं,” निरोप ऐकून बाबा म्हणाले. पण दुपार कलली तसे ते पेपरचं एकच पान धरून बसले. मग उठून खिडकीशी गेले.

“शिंप्याच्या दुकानापर्यंत आली असेल.”

नव्हती आली. ते बसले, पुन्हा उठले. जिन्यात पावलं वाजली म्हणून धावत जाऊन दार उघडलं, तर वरच्या मजल्यावरचे भाडेकरू. “गुडघा धरला असेल तिचा,” ते म्हणाले.

“ती दुखावली आहे, बाबा.”

“दुखावली तरी ती येतेच.”

टेबलावरचं ऊन जमिनीवर उतरलं, तिथून उंबऱ्याकडे सरकलं. माझाही जीव थाऱ्यावर नव्हता. ती न येता दिवस गेला तर उद्या कोण कोणाच्या दारात जाणार होतं? बाबांना तर सवयच नव्हती. मी चिडून म्हणाले, “तुमचा सूर्य तर सूर्य नव्हे ना? मग सारखं बाहेर काय बघता?”

“तोंड आवर,” ते म्हणाले आणि निघाले. एका पायात त्यांची चप्पल होती, दुसऱ्या पायात माझी. मी अनवाणीच त्यांच्या मागे धावले.

दुकानाचं शटर उघडं होतं. रविवारी इस्त्रीला हात न लावणारी आत्या शर्टावर पाणी शिंपडत होती.

“ताई, आज रविवार.”

“विश्रांती मनाची असते. असं एक जण सांगत होता.”

“ताई, ऊन चाललंय.”

“जाऊ दे. पृथ्वी फिरते.”

बाबांनी मागे पाहिलं. समोरच्या इमारतीआड सूर्य दिसेनासा झाला होता. “गच्चीवरून दिसत असेल अजून,” म्हणत त्यांनी तिचा हात धरला. तिने आधी इस्त्रीचं बटण बंद केलं, मगच उठली. जिन्यात ती गुडघ्याला शिव्या देत होती, बाबा वरून ओढत होते, मी मागून ढकलत होते.

वर पाण्याच्या टाकीच्या कडेला सूर्य टेकला होता.

“बोल,” आत्या धापा टाकत म्हणाली. “दर वेळी मीच येते. मला काय गोड लागतं का रे? तुझ्या दाराशी पोचेपर्यंत तोंड कडू झालेलं असतं.”

“ताई, त्याचं असं आहे की...”

“उपदेश नको.”

एरवी तासभर न अडखळता बोलणारे बाबा पायातल्या दोन वेगळ्या चपलांकडे बघू लागले. मग म्हणाले, “लोक तुला हसले तेव्हा मला बरं वाटलं. तू चालत येतेस आणि मी नुसता बसलेला असतो. मला लाज वाटते. लाज वाटली की मी तुझी चूक शोधतो. लहानपणापासून हेच करत आलोय.” ते बोलत राहिले, तुटक, मागेपुढे, कधी नव्हे ते सगळं. टाकीची कड लाल झाली, मग विझली. आत्या आता त्यांना थांबवेल, आता थांबवेल, म्हणून मी तिच्याकडे बघत होते.

बोलणं संपवून बाबांनी वळून पाहिलं आणि ते दचकले. “गेला की! ताई, मधेच थांबवायचं नाही का मला?”

“दिसलं मला,” आत्या म्हणाली. “तू बोलत होतास.”