एका घरात एकच बोअर

बंदुकीवर इतकं बोलणारा आणि बंदुकीला हातही न लावणारा माणूस आमच्या गोदामातल्या चाचांखेरीज अख्ख्या आखातात दुसरा झाला नसेल. अल क्वोजला आमचा नळ-पाइपांचा धंदा. चाचा स्टोअरकीपर, मी वरच्या केबिनमध्ये पर्चेसला. मूळचे ते रत्नागिरीकडचे. दुपारी डबे उघडले की त्यांचा विषय सुरू: डोंगरउतारावर तित्तर मारायला बोअर कोणता घ्यावा? आमच्यापैकी कुणी जन्मात साधी कोंबडी मारली नव्हती, पण ऐकून ऐकून आम्ही तरबेज झालो होतो. "एक रतल शिशाचे बारा सारखे लाडू वळ," चाचा सांगत. "त्यातला एक ज्या नळीत बसेल ती बारा बोअर. वीस वळलेस तर लाडू लहान, नळी बारीक. आकडा लहान, तोंड मोठं, आपल्या सुपरवायझरसारखं." बारा बोअर छर्रे जास्त फेकते, पण दिवसभर चढण चढताना जड होते आणि धक्का खांदा मोडतो; वीस हलकी, तित्तर भुर्रकन उठला की चटकन खांद्याला लागते. "चालणाऱ्याची बंदूक वीस," हा त्यांचा कायमचा निकाल. त्याला जोडून दुसरा: "पण एका घरात एकच बोअर." का, ते मात्र कधी सांगत नसत.

बाकी तऱ्हाही कमी नव्हत्या. अर्धा इंची माल एका भिंतीला, पाऊण इंची समोरच्या. दोन्ही एका पेटीत दिसले की हा गरीब माणूस असा कडाडे की फोर्कलिफ्टवाला उतरून पळे. पाइप देण्याआधी प्रत्येकाला डोळा लावून आरपार बघायचे. बाहेर ट्रक उभा, ड्रायव्हर "यल्ला चाचा, यल्ला!" करत घामाघूम, आणि हे एकेक पाइप उन्हाकडे धरून म्हणणार, "उजेड दिसला. ने." एकदा मी त्यांना घरी जेवायला बोलावलं. बायकोनं पाण्याचे पेले आणले, त्यांतला छोटा पेला मोठ्यात अडकून बसला होता. चाचांचा घास हातातच राहिला. उठून बेसिनपाशी गेले, तेल सोडून, ठोकून ते पेले सुटे केले आणि दोन वेगळ्या फळ्यांवर ठेवले. "बाबा, अंकल इज सो फनी!" माझी मुलगी म्हणाली, आणि आम्ही सगळे हसलो. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

आमचे मालक, म्हणजे अरबाब, दर हिवाळ्यात परवाना काढून परदेशात तित्तराच्या शिकारीला जात. त्यांची बंदूक बारा बोअर. त्या वर्षी धाकटा मुलगाही निघाला, अगदी किडकिडीत पोरगा. अरबाब गोदामात आले. "चाचा, लडका दुबला है. बारा या बीस?" उत्तर आम्हा सगळ्यांच्या जिभेवर होतं. चाचा म्हणाले, "बारा." अरबाब खो खो हसले. "सब बोलता बीस. हबीबी, तुम बूढा हो गया. बीस ले लिया, खलास." आणि गाडीकडे निघाले.

चाचा क्षणभर उभे राहिले, मग भर उन्हात त्यांच्यामागे धावले. गाडीभोवती आमचे ड्रायव्हर होते, त्यांतले दोघे चाचांच्या गावचे. त्या सगळ्यांसमोर त्यांनी सांगितलं. तरुणपणी थोरल्या भावाकडे बापाची बारा बोअर होती. चाचांनी हौसेनं वीस आणली. काडतुसं एकाच पिशवीत. डोंगरावर चाचांनी घाईत भावाच्या बंदुकीत वीसचं काडतूस घातलं. ते नळीत पुढे घसरून अडकलं. भावानं चाप ओढला, बार झाला नाही. उघडून बघितली तर रिकामी दिसली. चाचांनी मागे बाराचं भरलं. भावानं पुन्हा चाप ओढला, नळी फुटली आणि त्याचा डावा पंजा गेला.

"मैंने भरा था, अरबाब. भाई सबको बोला, खुद भरा. अम्मी को आज तक मालूम नहीं."

अरबाब चाचांजवळ आले. मग चाचांच्या कपाळाचं चुंबन घेऊन म्हणाले, "बीस वापस."

आठवड्याच्या आत गोष्ट गावी पोचली. अम्मीनं फोनवर यायचं बंद केलं. "इतकी वर्षं मी सांभाळलं ते तू रस्त्यावर सांगितलंस," भाऊ एवढंच बोलला. चाचांनी गावी परतायला व्हिसा कॅन्सल करून घेतला. मी चिडलो होतो. विचारलं, "चाचा, गप्प राहिला असतात तर कुणाला कळलं असतं?"

"त्या पोराला दोन्ही हात आहेत ना रे," ते म्हणाले. शेवटच्या दिवशीही सगळे पाइप त्यांनी उन्हाकडे धरून बघितले.

नंतर त्यांचा एकच फोन आला. अम्मी कशा आहेत, विचारलं. "बोलत नाही. पण वाढते," चाचा म्हणाले. "भावाच्या शेजारी बसवते मला. भाकरी मी धरतो, तो मोडतो." फोन ठेवून स्वयंपाकघरात गेलो. ओट्यावर एक पेला दुसऱ्यात घातलेला होता. तो काढून मी वेगळ्या फळीवर ठेवला, आणि चाचांची फार आठवण आली.