मल्लाप्पा सरांच्या राज्यातला कायदा

मल्लाप्पा सर ऑफ तासाला माणसं मारत असत. कुणी शिक्षक रजेवर गेला की मुख्याध्यापक त्यांना वर्गावर पाठवायचे. सर गणिताचे आणि दिसायला उग्र, त्यामुळे पोरं गप्प बसतील हा हिशेब. पण पुढच्या तासाला मी मराठी शिकवायला जावं तर निम्मा वर्ग डोळे पुसत बसलेला असायचा. "काय झालं रे?" म्हणून विचारलं की कुणीतरी सांगायचं, "बाई, सेनापती मेला."

ती गोष्ट वर्षानुवर्षं चालली होती. नव्वदच्या दशकात आमच्या कोल्हापुरातल्या शाळेतून बाहेर पडलेल्या प्रत्येक पोराला तिचा एखादा तुकडा तरी माहीत असेल. नीलघाट नावाचं राज्य, तिथं सतत लढाया आणि जखमी बरे करणारी चंद्रव्वा नावाची वैदीण. ती कपाळावर हात ठेवायची आणि घाव भरायचा, पण त्याची कळ तिच्या अंगात शिरायची. "फुकट बरं व्हायचं न्हाय," सर बजावायचे. "कुणाचं तरी दुखणं कुणीतरी घ्यावं लागतंय."

दुसरा कायदा मरणाचा. नीलघाटात आडव्या माणसावर चंद्रव्वाची जादू चालायची, बसलेल्यावर नाही. माणूस दगडाला टेकून शांत बसला की संपलं. सर लिंगायत. त्यांच्यात मेलेल्या माणसाला बसवून, सजवून नेतात आणि बसलेलंच मातीत ठेवतात. लहानपणी आजोबांना तसं पाहिलेलं त्यांच्या मनात रुतून बसलं असावं. एखादा शिपाई रक्तबंबाळ होऊन दगडाकडे सरकू लागला की अख्खा वर्ग ओरडायचा, "आडवा पाडा त्याला, सर!" सर पाडायचे नाहीत.

मी सुरुवातीला नाक मुरडलं होतं. गणिताच्या माणसानं गोष्टी कशाला सांगाव्यात? पण एकदा एका मुलीचे वडील शाळेत आले आणि माझं मत बदललं. गडी चांगला दांडगा, पण हात जोडून उभा होता. "सर, पोरगी जेवंना झालीया. त्यो सेनापती तेवढा उठवा की."

"पावणं, मी उठवला असता," सर म्हणाले. "पण मग उद्यापासनं कुणाच्या मरणाला कोण रडंल?"

गडी विचारात पडला आणि तसाच परत गेला. मला वाटतं, त्याला पटलं.

हा इतका बोलणारा माणूस घरात मात्र मुका. सर जयसिंगपूरहून एसटीनं येत-जात. मूलबाळ नव्हतं. त्यांच्या पत्नी गौरावहिनी माझ्यासाठी कडक भाकरी आणि शेंगांची चटणी पाठवायच्या, म्हणून एकदा मुद्दाम भेटायला गेले. सर पेपरात डोकं खुपसून बसलेले. वहिनी मला स्वयंपाकघरात ओढत म्हणाल्या, "शाळेत लई बोलत्यात म्हणं? हितं मीठ मागायलाबी खुणा करत्यात. ती गोष्ट काय हाय वो बाई?"

"त्यांनाच विचारा की," मी म्हटलं.

"विचारलंय. हसत्यात नुस्तं."

सरांच्या निवृत्तीला थोडा अवकाश असताना वहिनींचं हृदय थकलं. अंगावर सूज, छातीत पाणी. त्यांना कोल्हापुरातल्या एका दवाखान्यात ठेवलं. शाळा सुटल्यावर मी चहा घेऊन गेले, तर वहिनी पाठीशी उशा लावून बसलेल्या आणि सर खाली वाकून खाटेचा दांडा फिरवत होते. डोक्याकडची बाजू खाली जायला लागली तशी वहिनींना धाप लागली. सिस्टर धावत आल्या.

"अहो काका, कितीदा सांगायचं? आडवं केलं की त्यांचा जीव घाबरतो. बसूनच बरं वाटतंय त्यांना!"

त्यांनी खाट पुन्हा वर केली. त्या खोलीत त्यांना काय दिसत होतं ते फक्त मला कळत होतं. मी त्यांना बाजूला नेलं. "सर, तो कायदा गोष्टीतला आहे. तुम्हीच केलेला."

"कळतंय की, बाई. सगळं कळतंय. पण ती अशी बसल्याली बघवंना."

वहिनींनी मला खुणेनं जवळ बोलावलं. एकेक शब्द सुटा पडत होता. "ह्यास्नी सांगा... ती गोष्ट तरी सांगा म्हणावं. बसून बसून कंटाळा आलाय."

सर पुढं झाले. वहिनींच्या खांद्यावर हात ठेवून, लहान पोरीची समजूत काढावी तसं म्हणाले, "आधी जरा आडवी हो. मग सांगतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी गेल्या. उशांना टेकून, बसलेल्याच. घरी आणल्यावर नात्यातल्या बायकांनी त्यांना भिंतीशी बसवलं, कपाळी विभूती लावली, हार घातले. सर दारात पाठ करून उभे राहिले. कुणी बोलावलं तरी वळले नाहीत.

नंतर ते शाळेत येत, गणित शिकवत आणि ऑफ तासाला खिडकीबाहेर बघत. पोरांना कुणी सांगितलं नव्हतं, तरी एकानंही गोष्ट मागितली नाही. निवृत्तीनंतर त्यांचं येणंच थांबलं. एकदा मी जयसिंगपूरला गेले. घर झाडलेलं, भांडी जागच्या जागी, पण कुठं आवाज म्हणून नाही. रेडिओसुद्धा बंद. फार वेळ इकडचं तिकडचं बोलून शेवटी मी विचारलंच, "सर, वहिनींना तुम्ही ती गोष्ट कधीच का नाही सांगितलीत?"

"तीत माणसं मरत्यात, बाई. घरात अभद्र बोलू नये म्हणून राखली." ते आपल्या हातांकडे बघत म्हणाले, "तिनं दवाखान्यात मागितली. तवा मी तिला अट घातली."

मला रडू आवरेना. काहीतरी करायला हवं म्हणून मी म्हटलं, "मला सांगा, सर. अगदी पहिल्यापासून. मी ऐकते."

त्यांनी मान हलवली. "तुमी न्हाय वो, बाई. तिला ऐकायची हुती."

माझी एसटी यायला अजून वेळ होता. तोवर आम्ही दोघं तसेच बसून राहिलो.