आठवं गाणं

अकोल्यातल्या कानाच्या दवाखान्यात तो माझ्या शेजारी बसला होता. पन्नाशीकडे झुकलेला, डाळमिलमध्ये मशीन दुरुस्त करणारा, भुवयांवर डाळीचा भुसा. त्याच्या इयरफोनमधलं हेवी मेटल मलाही ऐकू येत होतं. बोटं गुडघ्यावर ड्रम वाजवत होती.

मी पाहतोय हे दिसल्यावर त्यानं एक इयरफोन काढला.

"अख्खा अल्बम एकच गोष्ट हाये," तो म्हणाला. "धरणाचा चौकीदार. त्याले भिंत तडकल्याचा आवाज येते, पन कोनी मानत नाही. सात गाण्यांत तो वरडते. आठव्यात नुसता हळू बोलते. लोकायले तेच पानचट वाटते. खरं भेव तिथंच हाये."

तपासणीसाठी त्याला आत बोलावलं. मोबाईल आणि इयरफोन माझ्या हातात देत म्हणाला, "बंद नोका करू. आठवं लागाच्या आदी येतो."

काचेपलीकडे तो बटण धरून बसला. शिट्टी ऐकू आली की दाबायचं. त्याचा अंगठा बराच वेळ हललाच नाही. पुढचा नंबर माझा होता.

तो आला तेव्हा आठवं गाणं नुकतंच लागलं होतं. मी एक इयरफोन कानाला लावून पाहिला: एक गिटार आणि जवळजवळ कुजबुज. मी आवाज पूर्ण वाढवून इयरफोन दिले. ते कानात घालून, डोळे मिटून तो थांबला. मग त्यानं माझ्याकडे पाहिलं.

"चालू झालं का?"

स्क्रीनवर सेकंद पुढं सरकत होते. मी मोबाईल पालथा केला आणि मानेनंच नाही म्हटलं.